ताईचं नाक

मेंदूतली पेशी एकदा मेली की मेली, तिच्या जागी दुसरी येत नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवताना हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं की आता झोपेतसुद्धा लिहीन. पुस्तकात तेच होतं, परीक्षेत तेच विचारत आणि मुली तेच लिहून पैकीच्या पैकी मार्क घेऊन जात. निवृत्त झाल्यावर एकदा दादरला एका सभागृहात व्याख्यान ऐकायला गेले. व्याख्याता माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्याने पडद्यावर उंदराच्या मेंदूचं चित्र दाखवलं आणि अगदी सहज सांगून टाकलं की मेंदूच्या आत खोलवर नव्या पेशी जन्माला येतात. तिथून सरकत सरकत त्या पुढे, नाकाच्या वरच्या बाजूला वासाचं जे ठाणं असतं तिथे पोचतात आणि जुन्या पेशींमध्ये आपली जागा करतात. नवा वास शिकायला, एकासारख्या एक दोन वासांतला फरक कळायला त्या कामी येतात. मात्र सगळ्या जगत नाहीत. ज्यांना काम मिळतं, ज्यांच्यापर्यंत तऱ्हेतऱ्हेचे वास पोचतात, त्या टिकतात. बाकीच्या मरून जातात. नाकाच्या अस्तरातल्या पेशी तर माणसातही जन्मभर नव्या येत असतात, म्हणाला. मेंदूतल्या नव्या पेशींचं मोठ्या माणसात कितपत खरं, यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, किती छान, म्हणजे आशा आहे नाही का. मला इतका संताप आला की प्रश्नोत्तरांना न थांबता मी उठले आणि जिना उतरून रस्त्यावर आले. आशा म्हणे. आमच्या ताईला जाऊन तोवर कैक वर्षं झाली होती.

ताई माझी थोरली बहीण. आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. वडील फोर्टात एका कचेरीत कारकून. आमच्या घराण्यात सगळे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या साहेबापुढे मान खाली घालत आणि घरी येऊन ताटातल्या मासळीला नावं ठेवत. अशा घरात ताईच्या नाकाला मान मिळाला यात नवल नाही. गॅलरीत केस विंचरता विंचरता ती म्हणायची, खालच्या मजल्यावरचं दूध आता लागणार, आणि थोड्या वेळाने खरंच करपल्याचा वास आम्हाला यायचा. दारावर येणारी कोळीण तिला बघितली की पाटीवरचं फडकं उचलायला का कू करायची. ताई बांगडा उचलून त्याच्या कल्ल्यांशी नाक न्यायची आणि काही न बोलता परत पाटीत ठेवायची. कोळणीला ते चार शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भाजायचा असला की आई धणे कढईत टाकायची आणि ताई शेजारी नुसती उभी राहायची. "उतरव," ती म्हणाली की आई कढई उतरवायची. धण्यांचा रंग बघायचा नाही, घड्याळ बघायचं नाही. चाळीतल्या इतर बायकाही त्या दिवसांत तिला हाक मारायच्या. मी तिला चिडवायची की सासरी तुला हुंड्याऐवजी नाकच देऊन पाठवू. ती म्हणायची, "दे, हरकत नाही, कुठेही उपाशी मरणार नाही मी."

सासर मिळालं दादरचं. तीन खोल्या, गॅलरी, देव्हारा, सासू-सासरे आणि एकुलता एक मुलगा. आमचे मेहुणे एका विमा कचेरीत नोकरीला होते. दिसायला चांगले, बोलायला त्याहून चांगले. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते आणि मेहुण्यांना सभेत बोलायचा नाद. मराठी माणसावर अन्याय होतो आहे हे ते इतक्या तळमळीने सांगत की माझे वडील, जे साहेबापुढे 'हो' शिवाय काही बोलले नाहीत, ते डोळे पुसत. सासूबाई कडक, सोवळ्याच्या, पण ताईच्या हातच्या कालवणाची चव घरात सगळ्यांना लागली होती. पाहुणे कौतुक करू लागले तशा सासूबाई कुरकुरू लागल्या, नाकापेक्षा मोती जड झाला म्हणून. तरी कोळीण आली की त्याच हाक मारायच्या, "सूनबाई, बघ गं जरा."

त्या वर्षी ताई माहेरपणाला आली होती आणि गिरगावात रोज काहीतरी घडत होतं. रस्त्यावर दगड, फुटलेल्या काचा, घोषणा. एका दुपारी ती भाजी घेऊन जिना चढत होती. खाली अश्रुधूर सुटला आणि रस्त्यावरची माणसं आसऱ्याला आमच्या जिन्यात घुसली. वरून काही जण खाली काय झालं ते बघायला धावले. मधे ताई. कुणी मुद्दाम ढकललं नाही, आणि कुणी हातही धरला नाही. ती मागच्या मागे पडली आणि डोक्याची मागची बाजू दगडी पायरीवर आपटली.

इस्पितळात ठेवलं, डोकं बांधलं, कवटी शाबूत आहे म्हणून घरी पाठवलं. घरी आल्यावर आईने चहा दिला. ताई एक घोट घेऊन म्हणाली, आज आलं घातलं नाहीस वाटतं. आईने तर लेक बरी होऊन आली म्हणून मूठभर आलं ठेचून घातलं होतं. आईने तिच्या नाकाखाली हिंगाची डबी धरली. मग कापूर. मग सुके बोंबील. मी कांदा फोडून आणला. ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं, पण ते कांद्याच्या झोंबण्याचं पाणी होतं. वास नव्हता. ती डबी परत परत उघडून हुंगत राहिली आणि मग आईला म्हणाली, "ठेवून दे, उगाच हिंग उडून जाईल."

मेहुण्यांनी तिला दादरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वडील सोबत गेले. मागून डोकं आपटलं की मेंदू पुढे हिसका खातो आणि नाकातून वर जाणाऱ्या बारीक तंतूंसारख्या नसा तुटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे त्यांनी वडिलांना आणि मेहुण्यांना सांगितलं. ताई बाहेर बाकावर होती. मेंदूचं नुकसान भरून येत नाही, आता विषय सोडून द्या, म्हणाले. वर हसून मेहुण्यांच्या पाठीवर थाप मारली की संसाराला नाक कशाला लागतं. वडिलांनी ही थट्टा घरी येऊन जशीच्या तशी सांगितली, आणि त्यांनाही ती आवडली होती असं मला दिसलं. त्या डॉक्टरांना त्या काळात जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं, हे मला कळतं. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीला माणसाने 'ठाऊक नाही' म्हणावं. 'नाही' आणि 'ठाऊक नाही' यांत एका बाईचं आयुष्य मावतं.

ताई दादरला परतली. दूध लागलं. मग भात लागला. मग मेहुण्यांच्या चळवळीतले मित्र जेवायला येणार होते त्या दिवशी सासूबाईंनी सवयीने कोळणीपुढे तिलाच उभं केलं, आणि ताईने सवयीने सुरमईच्या कल्ल्यांशी नाक नेलं. तिने तेव्हा 'मला कळत नाही' म्हणायला हवं होतं, असं सगळे नंतर म्हणाले. मी म्हणते, कळत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं ना? मग विचारलं कशाला? सुरमई शिळी होती. संध्याकाळपर्यंत मित्रांची पोटं बिघडली, आणि मेहुण्यांची इभ्रत गेली. सासूबाईंनी ताईला स्वयंपाकघराबाहेर काढलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चुलीपाशी गेली तर त्या तिच्या आधी तिथे बसल्या होत्या, आणि रोज बसू लागल्या.

त्याच सुमारास सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. त्यांचं सगळं अंथरुणात. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. करायला एक बाई ठेवली होती, ती महिन्याभरात नाकाला पदर लावून निघून गेली. दुसरी आली, तीही टिकली नाही. मग एक दिवस सासूबाई ताईला म्हणाल्या, "तुला काय गं, तुला तर वास येत नाही."

एवढंच वाक्य. त्यात वाईट काय आहे, असं माझी आईसुद्धा मला म्हणाली. खरंच तर होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला लग्नाच्या बँडशेजारी बसवावं, तसं ते घराला सोयीचं वाटलं. मागची खोली ताईची झाली. भांडं ताईने न्यायचं, चादरी ताईने मोरीत धुवायच्या, जखमा ताईने पुसायच्या. आणि मग ती खोलीतली म्हणून तिने पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, पापडांना लावायचा नाही, देव्हाऱ्यात फक्त आंघोळ करून जायचं. घरात जे जे घाण होतं ते हळूहळू वाहत तिच्याकडे गेलं. मोरी तुंबली, ताई. मांजराने घाण केली, ताई. तुला काय, वास तर येत नाही.

आई आणि मी एका रविवारी भेटायला गेलो. पुढच्या खोलीत उदबत्त्या लावलेल्या, त्यांच्यात फिनेल मिसळलेलं, आणि त्या दोहोंच्या खाली तो वास. आम्ही दोघींनी न कळत नाकाला रुमाल लावला. ताई झाकलेलं भांडं घेऊन आतून आली, आम्हाला तसं बघून थांबली आणि म्हणाली, "फार येतो का?" आईने रुमाल खाली घेतला. मेहुणे खुर्चीत बसून सभेचं भाषण पाठ करत होते. परत येताना मी ट्राममध्ये आईवर तोंडसुख घेतलं. तिला घेऊन येऊ, म्हटलं. आई म्हणाली, दिल्या घरी तिनं सुखात राहावं. कसलं सुख, असं मी विचारलं, तर तिने तिकिटासाठी सुटे पैसे मोजायला घेतले. मला माझ्या आईचा इतका राग त्याआधी कधी आला नव्हता आणि तो पुढेही पुरता गेला नाही.

आणि मग, डॉक्टरांनी जे होणार नाही म्हणून सांगितलं होतं ते झालं. ताईने मला ते नंतर सांगितलं. ती मागच्या खोलीत चादर काढत होती. अचानक तिला वाटलं, खोलीत काहीतरी नवीन आहे. काय ते कळेना. तिने इकडेतिकडे बघितलं, कुणी आलं नव्हतं. मग चादर नाकाशी आली आणि तिला समजलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि ती घाणेरडी चादर तोंडाशी धरून आनंदाने रडली. दुर्गंध आला म्हणून आनंदाने रडलेली बाई मी दुसरी ऐकलेली नाही.

तिला खात्री करून घ्यायची होती. आपलं नाक पुन्हा कामाला लागतं आहे की नुसता भास आहे, हे बघायला तिला वास हवे होते. स्वयंपाकघर बंद. मसाल्यांचे डबे बंद. घरात एकच सुगंधी वस्तू तिच्या हाताला लागण्यासारखी होती: रोज सकाळी फुलवाला दाराच्या कडीला पानात बांधलेली फुलांची पुडी अडकवून जायचा. ती काढून देव्हाऱ्यात ठेवायचं काम आंघोळीनंतर ताईचं. ती पुडी उघडायची आणि एकेक फूल नाकाशी न्यायची. आज मोगरा काहीच नाही. आज चाफा जरासा. आज चाफा कालच्यापेक्षा जास्त. तिने मला सांगितलं, "अगं, पाटी घेऊन पहिलीत बसल्यासारखं वाटत होतं."

सासूबाईंनी तिला एक दिवस पाहिलं. देवाचं फूल हुंगायचं नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हुंगलेलं फूल उष्टं होतं, ते देवाला चालत नाही. आता खरं तर त्या बाईने विचार करायला हवा होता की वास न येणारी सून फूल हुंगते कशाला. तो प्रश्न तिने विचारलाही, पण उत्तरासाठी नाही, फटकारण्यासाठी. "वास येत नाही ना तुला? मग देवाची फुलं कशाला बाटवतेस?" ताईची तिलाच अजून खात्री नव्हती. मग घरात शास्त्रार्थ झाला. ज्याला वास येत नाही त्याने हुंगलेलं फूल उष्टं होतं की नाही? मेहुण्यांनीही त्यात रस घेतला. भटजींना विचारलं. भटजींनी बराच विचार करून सांगितलं की दोष वासात नसतो, हुंगण्यात असतो. झालं. किती दिवस देव उष्टी फुलं घेत होता याचा सासूबाईंनी धसका घेतला, देव्हारा धुतला, मूर्तींना पंचामृताने आंघोळ घातली आणि कडीवरची पुडी आपल्या ताब्यात घेतली. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते असं. मागच्या खोलीत माणूस कुजत होता त्याचं प्रायश्चित्त कुणी विचारलं नाही.

आज मला त्या पुडीची सगळ्यात जास्त चीड येते. व्याख्यानातला तो मुलगा म्हणत होता ना, नव्या पेशींना काम मिळालं तर त्या जगतात. ताईच्या डोक्यात खरोखर काय उगवलं, नसा जुळल्या की पेशी नव्या आल्या, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण जे काही नव्याने येत होतं ते शिकायला येत होतं, एवढं नक्की. तान्ह्या पोराच्या कानावर जे पडेल ती त्याची भाषा होते. ताईच्या नाकातल्या या नव्या पोरांच्या वाट्याला काय आलं? चाफा काढून घेतला, मसाला काढून घेतला, आणि सकाळ-संध्याकाळ फक्त मागची खोली ठेवली.

ताईने मेहुण्यांना सांगायचं ठरवलं. घरात बोलायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांच्याबरोबर चौपाटीवर गेली. बायकोने आपणहून फिरायला चला म्हटलं म्हणून ते खूश होते. समुद्राचा वास तिला आला होता, खारट, थोडा सडका, पण आला होता. ती म्हणाली, मला वास यायला लागला आहे. मेहुण्यांनी तिचा हात धरला. खरंच आनंद झाला होता त्यांना, ताई शपथेवर सांगायची. थोडं अंतर चालून गेल्यावर ते म्हणाले, "चांगलंच झालं. पण आईला एवढ्यात बोलू नकोस. बाबांचं मग कोण करील?"

तिने विचारलं, एवढ्यात म्हणजे कधीपर्यंत. त्यावर त्यांनी चळवळीचा विषय काढला. मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी, एकदा ती मिळाली की बरंच काही मार्गी लागेल, असं काहीसं ते बोलले. या माणसाच्या भाषणांनी मैदानं भरत असत. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्याला निदान आपल्या खाली बघता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताई मसाल्याच्या दिवसांत गिरगावात आली. नाकाचं गुपित तिने माहेरी फक्त मला सांगितलं होतं, पण मला गप्प बसवेना म्हणून आईलाही सांगून टाकलं. आईने देवापुढे साखर ठेवली, कढई चढवली, धणे टाकले आणि ताईला शेजारी उभं केलं, पूर्वीसारखं. धणे तडतडू लागले. आम्हाला तो घरभर पसरणारा वास आला आणि मी ताईच्या तोंडाकडे बघत राहिले. ती मोरीकडे पळाली आणि भडाभडा ओकली. शेजारच्या काकूंनी आईला खुणेने विचारलं, काही विशेष? आईचा चेहरा क्षणभर उजळला. ताईने मोरीतूनच नाही म्हणून मान हलवली.

धण्यांना त्या खोलीचा वास येत होता. ताईने मला गॅलरीत नेऊन सांगितलं. धण्यांना, चहाला, तापलेल्या तुपाला, पिकल्या हापूसला. कमी-जास्त, पण तोच. तिचं नाक परत आलं होतं आणि त्याला एकच वास पाठ होता. तरी वेगळेपणा कळतो थोडाथोडा, ती म्हणाली. काही दिवस इथे राहिले, चांगलं काही हुंगत राहिले तर सुधारेल असं वाटतं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला राहायचं होतं. आईने वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, आजारी सासरा टाकून मुलगी माहेरी राहिली तर लोक काय म्हणतील. दुसऱ्या दिवशी तेच तिला दादरला सोडून आले.

त्या घरात तिची चोरी एकाच माणसाने पकडली. सासऱ्यांनी. त्यांची वाचा गेली होती, एक हात चालत होता. ताई दारापाशी थांबून छाती भरून श्वास घेते आणि खोलीत आली की तो दाबून धरते, हे त्यांनी पडल्यापडल्या पाहिलं. एक दिवस त्यांनी आपल्या चालत्या हाताने आपलं नाक धरलं आणि तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. येतो का, असं विचारलं. ताईने नाही म्हणून मान हलवली. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळचं जेवण घ्यायचं सोडलं. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचे. सासूबाई सगळ्यांना सांगत, यांची भूकच मेली हो. जेवलं कमी की घाण कमी, हा त्या माणसाचा हिशेब होता. तो कळल्यावर ताई त्यांच्यासमोर श्वास मोकळा घेऊ लागली, ओढून ओढून, म्हणजे त्यांना वाटावं की हिला खरंच काही येत नाही. तरी ते फसले नाहीत.

आणि मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. दादरला घराघरावर कंदील, रस्त्यावर लेझीम, गुलाल. मेहुण्यांनी चळवळीतली मंडळी घरी बोलावली होती, आम्हालाही बोलावणं होतं. पुढची खोली माणसांनी भरली होती. पेढ्यांची परात फिरत होती. ताई आतल्या दाराशी उभी होती, परातीला तिचा हात चालत नसे. एका वयस्कर गृहस्थाने मेहुण्यांचं कौतुक केलं, की घरात वडील अंथरुणावर, तरी हा पठ्ठ्या कधी मागे राहिला नाही, मातृभूमीची सेवा आणि पित्याची सेवा दोन्ही केली. मेहुण्यांनी हात जोडले. आईचा आशीर्वाद, म्हणाले. मी ताईकडे पाहिलं. ती मेहुण्यांकडे बघत होती, आता पुढे ते काही बोलतील म्हणून. आता तर मुंबई मिळाली होती. ते पेढा खाऊ लागले.

तेवढ्यात मागच्या खोलीतून सासऱ्यांचा घोगरा आवाज आला आणि पाठोपाठ तो वास. पाहुण्यांपैकी कुणी रुमाल काढला, कुणी खिडकीकडे सरकलं. सासूबाई ओशाळल्या आणि ते ओशाळलेपण झाकायला मोठ्याने म्हणाल्या, "जा गं, बघ. आमच्या सूनबाईला बरं आहे हो, तिला वास येत नाही. देवानेच सोय केली." दोन-चार जण हसले.

"मला वास येतो," ताई म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. पण पेढ्यांची परात फिरायची थांबली. "केव्हापासूनचा येतो. यांना ठाऊक आहे. मी सांगितलंय."

मी वाट पाहिली. माझे वडील तिथे होते, आई होती, न्यायासाठी लाठ्या खाल्लेली माणसं होती. मेहुणे हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघत होते. मला वाटलं आता कुणीतरी तिला विचारेल, मग इतके दिवस कसं केलंस गं. आणि सासूबाईंनी विचारलंही.

"म्हणजे वास येत असूनसुद्धा इतके दिवस केलंस ना? मग जमतंय की तुला. जा, ते हाक मारताहेत."

ताई आत गेली. कुणीतरी उठून पंखा मोठा केला.